उठाबशांची खुर्ची

मी एक जुनी बाभळीची खुर्ची आहे, मित्रांनो, आणि माझा स्वभाव वाईट आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून तक्रार नको. इतर वस्तू आपली गोष्ट सांगताना तुमच्याशी गोड बोलतात. छत्री रडते, घड्याळ उपदेश करतं, फाटकं पुस्तक तुमच्याकडे दयेची भीक मागतं. मला कुणाची दया नको. मी कऱ्हाटीत ताईबाईंच्या ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून उभी आहे आणि माझे चारही पाय शाबूत आहेत. ऐकायचं असेल तर ऐका, नाहीतर खेळायला जा.

माझा जन्मच भांडणात झाला. बारामतीत एका सुताराकडे ताईबाईंचे मालक, बाजीराव, मला करायला सांगायला आले. त्यांच्या समाजानं धम्म घेतला त्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं. सुतारानं विचारलं, "कुणासाठी पायजे?"

"माझ्यासाठी."

सुतारानं रंधा बाजूला ठेवला. "तुला रं काय करायची खुर्ची?"

"बसायची," बाजीराव म्हणाले.

सुताराला काम हवं होतं, पण हे काम नको होतं. त्यानं मला केलं ते दात-ओठ खात केलं. पाठ सरळसोट ठेवली, बैठक रुंद केली आणि हात करायचे म्हणताच फणकारला, "हातबित काय करून मिळायचं न्हाय. पाठ हाय, तीच लय झाली."

"नगं करूस," बाजीराव म्हणाले. "माझं मला हात हायेत."

अशी मी बिनहाताची राहिले. त्या सुताराचा राग मला अजून आहे.

बाजीरावांना खुर्ची का हवी होती, तेही सांगते. मी जन्मायच्या आधी काही महिने ते कुणाचा तरी निरोप घेऊन दुसऱ्या एका गावी गेले होते. गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथं आता चांगली माणसं राहतात म्हणे. राहू देत, मला काय करायचंय. बाजीरावांच्या अंगात ताप होता. चावडीत एक खुर्ची रिकामी दिसली आणि ते तिच्यावर टेकले. एवढाच गुन्हा. त्याबद्दल त्यांना चावडीसमोर कान धरून उठाबशा काढायला लावल्या. "ऊठ, बस, ऊठ, बस," एक जण ओरडत होता आणि बाकीचे हसत होते. त्यांच्यासोबत गेलेल्या ताईबाई लिंबाखाली उभ्या होत्या. त्यांच्या कडेवर तान्हा बुद्धघोष होता. मालकाचे पाय लटपटत होते ते त्यांनी पाहिलं आणि त्याहून जास्त त्यांनी ती हसणारी तोंडं पाहिली. घरी आल्यावर बाजीरावांनी मिळेल ते काम धरलं. पैसे साठवले आणि बारामती गाठली.

त्यांनी मला डोक्यावर घेऊन भर रस्त्यानं कऱ्हाटीत आणलं आणि ओट्यावर अशी ठेवली की येणाऱ्या-जाणाऱ्याला मी दिसलेच पाहिजे. रोज संध्याकाळी ते माझ्यावर बसायचे. काही करायचे नाहीत, नुसते बसायचे. रस्त्यानं जाणारे काही जण बघून न बघितल्यासारखं करायचे, काहींच्या पोटात दुखायचं. एकदा कुणीतरी मला शेणाचा गोळा मारून पळून गेलं. ताईबाईंनी मला धुतलं, पुसलं आणि होते तिथंच परत ठेवलं. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस.

ताईबाईंना मात्र माझ्यावर बसायला सवड नव्हती. त्या लोकांच्या रानात खुरपायच्या, ज्वारी काढायच्या, दुष्काळात खडी फोडायच्या. सकाळी वाकलेली बाई संध्याकाळी घरी येऊनच ताठ व्हायची, तीही पाण्याला जाण्यापुरती. बाजीराव वारले, तरी हेच चालू होतं. त्यांना त्याचा अभिमानही नव्हता आणि दुःखही नव्हतं. काम होतं आणि त्या करत होत्या.

मग मुलगा शिकला. बुद्धघोष बारामतीच्या एका हायस्कुलात मास्तर झाला, रोज एसटीनं जाऊन-येऊन नोकरी करू लागला. लग्न झालं, करुणा घरात आली. ती गावच्या अंगणवाडीत शिकवायची. सगळं बैजवार लागल्यावर एके दिवशी त्यानं आईच्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि सगळ्या आळीदेखत तिला माझ्यावर बसवलं.

"आये, लोकांच्या बांधाला लय वाकलीस. आता वाकायचं न्हाय. आता फकस्त बसायचं."

आळीतल्या बायकांचे डोळे भरून आले. बानूबाई शेजारीण म्हणाली, "नशीब काढलंस गं ताईबाई." माझं मत कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून त्या घरात आईला काडी उचलू द्यायची नाही असा कायदा झाला. पाणी हातात, ताट हातात, चहा हातात. चपला करुणानं पायात घालायच्या. ताईबाईंनी कधी सवयीनं केरसुणी उचलली, तर बुद्धघोष धावत येऊन हिसकावून घ्यायचा. मास्तरची आई झाडताना दिसली तर लोक काय म्हणतील! परसात जाऊन मिरच्या तोडायच्या नाहीत, भाकरी थापायची नाही, जमिनीवर तर बसायचंच नाही. ज्यांच्या सात पिढ्यांना भुईवर बसवलं, त्यांची आई आता खाली बसणार नाही, असं तो शाळेत भाषण केल्यासारखं सांगायचा. तो खोटं बोलत नव्हता. म्हणून तर त्याच्याशी भांडता येईना.

काही वर्षं अशीच गेली. ताईबाई सकाळी बसायच्या त्या दिवेलागणीला उठायच्या. त्यांच्या पोटऱ्या वाळत गेल्या, पाऊल सुजू लागलं. आधी त्या उठायच्या त्या मला न शिवता. मग माझी कड धरून. मग कड धरून, पुढं-मागं झोके घेऊन. मग झोके घेऊनही परत धप्पकन खाली. मी बाभळीची आहे, वजनाचं मला काही नाही, पण त्या धप्पकन बसण्याची मला चीड यायची. घरात कुणाला काही दिसत नव्हतं. आई मानानं बसली आहे, एवढंच दिसत होतं.

शहाण्णव सालचा उन्हाळा होता. करुणा अंगणवाडीत होती, बुद्धघोष बारामतीला. ताईबाईंची मिश्रीची डबी खाली पडली. ती घ्यायला त्या वाकल्या आणि घसरून ओट्यावर बसल्या. लागलं काहीच नाही. पण उठता येईना. त्यांनी मला धरलं, जोर लावला, मी कलंडले. भिंत धरून पाहिली, भिंतीला धरण्यासारखं काही नव्हतं. ऊन सरकत सरकत ओट्यावर आलं. रस्त्यानं माणसं जात होती.

"काय ताईबाई, आज खाली बसलाय?" बानूबाईनं जाता जाता विचारलं.

"व्हय, बसले जरा," ताईबाई म्हणाल्या.

नुसतं 'हात दे' म्हणायचं होतं. नाही म्हणाल्या. उन्हात घामाघूम होऊन, करुणा येईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. करुणा आली तेव्हा लुगडं ओलं झालं होतं आणि ताईबाई तोंड भिंतीकडे करून होत्या. मला त्यांची दया आली नाही. मला सगळ्यांचा राग आला.

दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हाडं चांगली आहेत, आजार काही नाही. बसून बसून पायातली ताकद गेली आहे. बुद्धघोषनं त्यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि शेवटचं सोडून दिलं. त्यानं बारामतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं घर बघितलं. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी तिकडे जायचं, कऱ्हाटीच्या घराला कुलूप घालायचं, करुणानं तिथूनच अंगणवाडीला ये-जा करायची. तिथं शेजारी एक बाई आहे, ती दिवसभर आईजवळ बसेल.

"मी हितनं हलणार न्हाय," ताईबाई म्हणाल्या.

"हलता येतंय का तुला?" बुद्धघोष म्हणाला.

तो रागात बोलून गेला. पण बोलला ते खरं होतं. आपलं घर, आपला ओटा, परसातल्या चार वाफ्यांचं रान, हे सगळं आता पायांच्या ताकदीवर अडलं आहे, हे ताईबाईंना त्या दिवशी कळलं. त्या जेवल्या नाहीत.

करुणा कमी बोलणारी होती, पण ती डॉक्टरांचं शेवटचं वाक्य विसरली नव्हती. तिनं नवऱ्याला न सांगता एका मुलीला बोलावलं. ती मुलगी म्हणजे योगिनी. इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्याची, धनगराघरची, शिकून बारामतीत व्यायामाच्या उपचाराचं काम करणारी. बुद्धघोष शाळेत असताना दुपारच्या एसटीनं ती यायची. पहिल्याच दिवशी तिनं मला गदागदा हलवलं, उलटी केली, पाय तपासले आणि परत आपटली.

"हात नाहीत खुर्चीला. बरं झालं, आधार घ्यायला नको."

मला ती अजिबात आवडली नाही. ताईबाईंनाही नाही. "ही कोण मेंढरं तपासणारी आलीया?" त्या करुणाला म्हणाल्या.

"मेंढरं आमच्या आज्यानं तपासली," योगिनी म्हणाली. "मी माणसं तपासते. आजी, हात छातीवर बांधा. खुर्चीवरून उठायचं, परत बसायचं. मी थांब म्हणेपर्यंत. चला. उठा. बसा."

तोवर बानूबाई आणि आणखी दोघी-तिघी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. नवं काही असलं की आळी गोळा होणारच. ताईबाईंनी कुंपणाकडे पाहिलं, योगिनीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"चला आजी. उठा, बसा, उठा..."

ताईबाईंनी शेजारचा पाण्याचा तांब्या उचलून तिला फेकून मारला. योगिनीच्या खांद्याला लागून तो अंगणात गडगडत गेला.

"कुणाला उठाबशा काढाय लावतीस? माझ्या मालकाला असंच म्हणत हुते चावडीम्होरं! ऊठ-बस, ऊठ-बस! अंगात ताप हुता त्यांच्या. खुर्चीवर बसले म्हणून. आन् तू माझ्या दारात, माझ्याच खुर्चीवर, लोकांदेखत मला तेच करायला सांगतीस? चल नीघ!"

तिथं दुसरी कुणी असती तर रडली असती, माफी मागितली असती. योगिनीनं खांदा चोळला. तीही तापली होती.

"त्यांना खुर्चीवरून उठवलं, ते अन्यायानं उठवलं," ती म्हणाली. "तुम्हाला कुणी उठवत नाही, आजी. तुम्हाला उठताच येत नाही. माझा आजा तात्याबा जन्मभर मेंढरांमागं चालला. शेवटी आम्ही मेंढरं विकली आणि त्याला बाजेवर निजवला, मानानं. दोन वर्षांनी त्याला कूस बदलायला माणूस लागायचं. जाते मी. बसा तुमच्या खुर्चीवर."

ती खरंच निघाली. अंगणापर्यंत गेली.

"थांब," ताईबाई म्हणाल्या. "आधी तू कर. माझ्यासमोर. मी थांब म्हणंपतूर."

योगिनी परत आली. दोघींनी धरून ताईबाईंना उठवून भिंतीशी उभं केलं. योगिनी माझ्यावर बसली, हात छातीवर बांधले.

"ऊठ," ताईबाई म्हणाल्या. "बस. ऊठ. बस."

मित्रांनो, त्यांनी तिला सोडलं नाही. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं त्या दोन शब्दांतून बाहेर पडत होतं. योगिनीच्या कपाळावर घाम आला, मांड्या थरथरू लागल्या, श्वास लागला. ती थांबली नाही आणि थांबू का म्हणून विचारलंही नाही. कुंपणापाशी बानूबाई फिसकन हसली. मग बाकीच्याही हसल्या.

ताईबाईंनी गर्रकन मान वळवली. "दात काय काढतीस गं बाने? हाय काय त्यात हसण्यासारखं?" ताईबाई काही वेळ त्या बायकांकडे बघत राहिल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "बास. सरक."

आणि त्या माझ्यावर बसल्या, हात छातीवर बांधले, आणि उठायला लागल्या. पहिल्या दिवशी नीटसं उठता आलं नाही. पण त्या उठायला लागल्या.

त्या दोघींची मैत्री झाली असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही फार गोष्टी वाचता. त्या भांडतच राहिल्या. योगिनी म्हणायची टाचा उचला, ताईबाई म्हणायच्या तुझी जीभ उचल की जरा वर. माझी पाठ धरून चवड्यांवर उभं राहायचं, ओट्याची पायरी चढायची-उतरायची, भरलेला तांब्या आणि मग भरलेली कळशी घेऊन अंगणात फेरी मारायची. पायाला वाळूच्या पिशव्या बांधून, बसल्या बसल्या पाय पुढं ताणायचे. सोपं झालं की योगिनी वाळू वाढवायची. "सोपं वाटलं म्हणजे ते कामाचं राहिलं नाही," ती म्हणायची. ताईबाई तिला कसाबीण म्हणायच्या, आणि ती नसतानाही करायच्या.

सगळ्यात अवघड होतं ते जमिनीवर बसून उठणं. ताईबाई खाली बसायलाच तयार नव्हत्या.

"भुईवर बसायचे दिस गेले आमचे. मुलानं सांगितलंय."

"पडल्यावर माणूस भुईवरच असतं, आजी. तिथनं उठायचं मुलानं शिकवलंय का?"

मग मला समोर ठेवून त्या शिकू लागल्या. कुशीवर वळायचं, हातांवर आणि गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढं रोवायचं, माझी बैठक धरून वर यायचं. निम्म्यापर्यंत जमू लागलं होतं. तेवढ्यात बुद्धघोष एके दुपारी शाळा लवकर सुटली म्हणून घरी आला.

त्यानं काय पाहिलं असेल? आई माझ्यावर बसलेली, लुगडं पोटरीपर्यंत वर, दोन्ही घोट्यांना पिशव्या करकचून बांधलेल्या, समोर एक परकी मुलगी हुकूम सोडणारी आणि कुंपणाला आळी. 

"माझ्या आईच्या पायात बेड्या?" तो ओट्यावर चढून आला. "खुर्चीपायीच माझ्या बापाला उठाबशा काढायला लावल्या. आणि तुम्ही माझ्या दारात तमाशा मांडलाय! कोण तुम्ही? चालत्या व्हा."

"मास्तर, त्या वाळूच्या पिशव्या आहेत."

"चालत्या व्हा म्हणतोय ना!"

योगिनीनं पर्स खांद्याला लावली. "तुमचे वडील उठाबशा काढूनसुद्धा आपल्या पायांनी घरी आले. तुमच्या आईला परसापर्यंत जायला माणूस लागतं. फार मोठा मान दिलात."

तो तिच्या अंगावर धावून गेला असता, पण करुणा मधे उभी राहिली. योगिनी गेली ती परत आली नाही. बुद्धघोष करुणाशी कित्येक दिवस बोलला नाही. आणि माझं काय झालं? ज्या बाजीरावांनी मला डोक्यावरून आणलं, त्यांच्या मुलानं मला फरफटत नेऊन बाजूच्या जळणाच्या खोपीत टाकलं. बारामतीहून पिवळ्या प्लास्टिकची, हातवाली खुर्ची आणली आणि माझ्या जागी ठेवली. प्लास्टिकची! उन्हात तडकणारी, वाऱ्यानं उडणारी ती हलकट वस्तू रस्त्याकडे तोंड करून बसली, आणि मी गोवऱ्यांच्या शेजारी. माझ्या पायाला कोळ्यांनी जाळी केली. त्या प्लास्टिकवालीला मी आजवर माफ केलेलं नाही.

पण एके दुपारी खोपीचं दार करकरलं. भिंत धरत धरत ताईबाई आत आल्या. मागून करुणा तांदळाचं सूप घेऊन आली आणि उंबऱ्यात निवडायला बसली.

"करुणे, इकडं बघू नगंस," ताईबाई म्हणाल्या. "पडले तर बघ."

"बरं, आत्याबाई," करुणा म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली.

त्यानंतर रोज दुपारी हेच. ताईबाई स्वतःलाच हुकूम द्यायच्या, तोही योगिनीच्या आवाजात, आणि मग योगिनीलाच शिव्या द्यायच्या. खाली बसायच्या, वळायच्या, मला धरून उठायला बघायच्या, निम्म्यात गुडघा दगा द्यायचा. नडगी माझ्या पायावर आपटली की मला म्हणायच्या, "सटवे, जरा नीट उभी ऱ्हा की!" मी नीटच उभी होते. एकदा त्या रागानं रडल्या, तोंडात पदर कोंबून. करुणाचे हात सुपावर थांबले. पण तिनं मान वळवली नाही, कारण त्या पडल्या नव्हत्या, नुसत्या रडत होत्या. दिवस लहान होत गेले. मी त्यांच्या हाताखाली असायचे. तो हात माझ्यावर कमी कमी दाबला जातोय हे मला कळायचं. एकदा तर त्यांनी मला हातच लावला नाही.

दिवाळीची सुट्टी लागली. सामान न्यायला टेम्पो आला. भांडी गेली, गाद्या गेल्या, मास्तरांची पुस्तकं गेली. खोपीच्या फटीतून मला अंगण दिसत होतं. आळी निरोप द्यायला जमली होती. शेवटी बुद्धघोष ओट्यावर गेला आणि आईला उचलायला वाकला.

"थांब," ताईबाई म्हणाल्या. प्लास्टिकच्या खुर्चीवरून हात छातीवर बांधून त्या उठल्या. पायरी उतरल्या. अंगणाच्या मधोमध आल्या आणि सगळ्यांदेखत मातीत बसल्या, चांगली मांडी घालून.

बुद्धघोषला वाटलं, आईनं हट्ट धरला. "आये, ऊठ. लोक बघत्यात."

"बघू दे."

"आये, भुईवर बसू नगंस, मी सांगितलंय!" तो रडकुंडीला आला होता. मास्तरकीची भाषा कुठल्या कुठं गेली होती. "चल, मी उचलतो."

"हात लावू नगंस!"

त्या इतक्या जोरात ओरडल्या की टेम्पोवाला खाली उतरला. मग त्या कुशीवर वळल्या. दोन्ही हात मातीत टेकवले. गुडघ्यांवर आल्या. समोर धरायला काहीच नव्हतं. मी खोपीत होते. एक पाऊल पुढं रोवलं, दोन्ही हात त्या गुडघ्यावर ठेवले आणि जोर लावला. पाय थडथडा उडू लागला. बुद्धघोष एक पाऊल पुढं आला, करुणानं त्याचा सदरा मागून धरला. ताईबाई मधेच अडल्या. वर नाही, खाली नाही. मग त्यांच्या घशातून एक हुंकार निघाला आणि त्या उभ्या राहिल्या. लुगड्याची माती झटकली, पायरी चढल्या आणि टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "माझं गठुडं खाली ठिव."

"आये, एकटी राहणार तू? पडलीस तर?"

"पडले तर उठंन."

"आन् न्हाय उठता आलं तर?"

"तर वरडंन. बानी हाय, आळी हाय. त्या दिवशी वरडले न्हाय, आता वरडंन." त्या पायरीवरून त्याच्याकडे वळल्या. "तुजा जीव हाय माझ्यावर, म्हाईत हाय मला. पर तू मला बसवून मारायला निघाला हुतास, बाळा. वाकून कुणी मेलं न्हाय आमच्यात."

बुद्धघोषला फार लागलं, आणि लागायलाच हवं होतं. त्यानं स्वतः गठुडं उतरवून ओट्यावर ठेवलं आणि टेम्पोत जाऊन बसला. निघताना मागं पाहिलं नाही. करुणानं जायच्या आधी खोपी उघडली, माझ्यावरची जाळी पदरानं पुसली आणि मला ओट्यावर माझ्या जागी आणून ठेवलं. प्लास्टिकवाली टेम्पोतून गेली. गेली ते बरं झालं.

पुढच्या रविवारी बुद्धघोष सकाळच्या पहिल्याच एसटीनं आला. रस्त्यावरूनच त्याची नजर ओट्यावर गेली. मी रिकामी होते. आईला माझ्यावर बसवल्यापासून त्यानं मला दिवसा कधी रिकामी पाहिलं नव्हतं. त्याच्या हातातली पिशवी खाली पडली. "आये!" म्हणत तो धावत आला, आत गेला, चुलीपाशी पाहिलं, मोरीत पाहिलं, परत बाहेर आला, पाठीमागं पळाला. त्याचा चेहरा मला दिसला नाही, पण आवाज ऐकू आला. लहान पोर हरवल्यावर ओरडतं तसा तो ओरडत होता.

आणि मग परसातून ताईबाईंचा आवाज आला, चांगला खणखणीत. "आंधळा हायस का रं? कोथिंबीर तुडवलीस की सगळी! हो बाजूला, मिरच्या तोडतीया मी."

मग वाफ्यापाशी एक मोठा माणूस हुंदके देतोय आणि एक म्हातारी त्याला कोथिंबिरीवरून बोलणी घालतेय, एवढं कानावर आलं.

तर मित्रांनो, माझं सांगणं थोडकं आहे आणि ते मी गोडीत सांगणार नाही. आपल्या म्हाताऱ्यांना खुर्ची द्या, जरूर द्या. त्यांनी ती कमावलेली असते. पण त्यांच्या हातातला तांब्या, केरसुणी, मिरच्यांची पाटी हिसकावून घेऊ नका. त्यांना उठताना वेळ लागला, तर उभे राहा आणि वाट बघा. आणि एखाद्या दिवशी घरी आलात आणि ओट्यावरची खुर्ची रिकामी दिसली, तर लगेच गळा काढू नका. आधी परसात जाऊन बघा. जाताना कोथिंबीर तुडवू नका.